गाडी कर्नाटकची, मत बंगळुरूत आणि बुंदीचे दात: आधी कशाला हात घालावा?

सांजवारा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर आम्ही बंगळुरूहून पुण्यात आलो. धायरीत भाड्याने राहतो. नवऱ्याची नोकरी आता इथलीच आहे, परत जायचा विचार नाही. तीन कामं एकाच वेळी समोर आली आहेत आणि पैसे मोजकेच आहेत, म्हणून हा धागा.

पहिलं काम बुंदीचं. बुंदी आमची नऊ वर्षांची स्पिट्झ. तोंडाला वास यायला लागला म्हणून डॉक्टरांकडे नेली. मागच्या दातांवर तपकिरी थर चढलाय, हिरड्या लाल आहेत आणि दोन दात हलताहेत. पूर्ण भूल देऊन दात साफ करायचे, हलणारे काढायचे. रक्ततपासणी धरून १६ ते १८ हजार सांगितले आहेत.

दुसरं, गाडी. २०१९ ची पेट्रोल गाडी, केए पासिंग. कर्नाटकात घेताना १४ टक्क्यांनी रोड टॅक्स भरलाय. इथे नंबर बदलायचा तर पुन्हा टॅक्स, आणि तिकडचा परतावा कधी मिळेल ते सांगता येत नाही.

तिसरं, मतदान. माझं नाव बंगळुरूच्या यादीत आहे, नवऱ्याचं अजून मिरजेजवळच्या गावी. इथे नाव घालायचं म्हटलं तर घरमालक म्हणाले, "आमच्या पत्त्यावर मतदान कार्ड काढू नका, नंतर कटकट होते."

माझ्या मनात बुंदीचे दात पहिले आहेत. ती काही बोलून सांगत नाही, पण डाव्या बाजूने चावायचं तिने बंद केलंय. घरात मात्र यावर एकमत नाही. कुणी यातून गेलं असेल तर क्रम कसा लावला ते सांगा. आणि घरमालकांचं म्हणणं खरं आहे का, तेही.

पेठकर

दात पहिले. आरटीओ आठवडाभर थांबेल, हिरडीतला पू थांबत नाही.

घाटरस्ता

सांजवारा, गाडीचं मी सांगतो. मी हुबळीहून आलो तेव्हा हे सगळं केलंय.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. तुमचं वर्ष दिवाळीनंतर भरेल, म्हणजे हातात थोडा वेळ आहे. पण तो पुण्यातल्या कामापेक्षा बंगळुरूच्या कामासाठी लागेल. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते, फॉर्म २८. ती देण्याआधी गाडीवर चलन थकलंय का, टॅक्स बाकी आहे का, गाडी चोरीच्या नोंदीत तर नाही ना, हे सगळं पाहतात. तेव्हा आज बसून ई-चलन तपासा. सिल्क बोर्डाच्या सिग्नलवरचं एखादं जुनं चलन निघेलच.

गाडी कर्जावर घेतली होती का? कर्ज फिटलं तरी आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज चालू असेल तर बँकेची वेगळी एनओसी. या एका कागदापायी लोकांचे महिने जातात.

एनओसी हातात आली की इथे फॉर्म २७. धायरी म्हणजे एमएच-१२, संगम पुलाजवळचं कार्यालय. आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चॅसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. टॅक्सचं म्हणाल तर महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आहे. तुमची जुनी आहे, त्यामुळे वयाप्रमाणे कमी बसेल. पूर्ण ११ टक्के धरून घाबरू नका.

परतावा मिळतो. तुम्ही पंधरा वर्षांचा टॅक्स एकरकमी भरलाय, त्यातल्या उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. इथली नवी आरसी, तिकडची टॅक्सची मूळ पावती आणि एनओसीची प्रत जोडून तिकडच्याच आरटीओत अर्ज करायचा. पावती जपून ठेवा. लॅमिनेट करू नका, मूळ कागद लागतो.

सह्यवेडा

कशाला एवढा खटाटोप? आमच्या सोसायटीत निम्म्या गाड्या बाहेरच्या पासिंगच्या आहेत. वर्षानुवर्षं फिरताहेत, कुणी विचारत नाही.

घाटरस्ता

@सह्यवेडा, ज्या दिवशी विचारतात त्या दिवशी "पुण्यात कधी आलात?" याचं उत्तर द्यावं लागतं, आणि भाडेकरारावर तारीख असते. पण दंडाची भीती मी बाजूलाच ठेवतो. सिंहगड रोडवरचे खड्डे, पूल, सिग्नल आपण रोज वापरतो. त्याचा टॅक्स दुसऱ्या राज्यात भरून इथल्या रस्त्यांबद्दल तक्रार करायची, हे मला पटत नाही.

सह्यवेडा

खड्ड्यांसाठी कोण पैसे देतं! पण मुद्दा पोचला. माझी गाडी सातारची आहे, एमएच-११. मलाही बदलावी लागेल का?

घाटरस्ता

नाही. राज्य तेच, नंबर तोच राहतो. फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा, फॉर्म ३३. कायद्यात त्याला तीस दिवसांची मुदत आहे.

कवडसा

मला इथे थोडं वेगळं बोलायचंय. कुत्र्याच्या दातांवर अठरा हजार? आमच्या गावाकडे कुत्री जन्मभर अंगणात राहिली, कुणी दात बघितले नाहीत. प्रेम मीही करतो, पण घरखर्चाच्या वर कुत्रं ठेवणं मला जड जातं. ताई, राग मानू नका.

गुलबक्षी

@कवडसा, अंगणातल्या कुत्र्याचे दात बघितले नाहीत म्हणजे दुखत नव्हते असं नाही हो. म्हातारी कुत्री भाकरी तोंडात घेऊन खाली टाकायची, पुन्हा उचलायची. आम्ही म्हणायचो, "वय झालं हिचं." आता कळतं ते काय होतं.

आमच्या सोसायटीचे वॉचमन काका रस्त्यावरच्या एका कुत्र्याला रिक्षात घालून औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात घेऊन गेले होते. तोंडात सूज होती. पगार किती असतो त्यांचा, तुम्हाला माहीत आहे. पैसे असणाऱ्यांचीच ही हौस आहे असं मला वाटत नाही.

कवडसा

हे वाचून थांबलो. काकांना नमस्कार सांगा.

खमंग

ताई, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी येऊन भूल न देता दात खरवडून देतात, हजाराच्या आत. आमच्या पगचे पांढरेशुभ्र झाले. चौकशी करू का?

वैद्यबुवा

मी पशुवैद्य आहे, सातारा रस्त्याकडे प्रॅक्टिस करतो. खमंग यांचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो, कारण असं फसलेलं जनावर दर महिन्याला माझ्या टेबलावर येतं.

कुत्र्याला ४२ दात असतात. वरून दिसतो तो थर म्हणजे दुखण्याचा छोटा भाग. खरा आजार हिरडीच्या खाली, दात आणि हाडाच्या मधल्या खोबणीत असतो. जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही आणि घालू नये. त्यामुळे भूल न देता खरवडलं की दात पांढरे दिसतात, मालक निर्धास्त होतो आणि खाली हाड झिजत राहतं. वर खरवडल्याने दाताचा पृष्ठभाग खरबरीत होतो, पॉलिश केला नाही तर नवा थर आधीपेक्षा लवकर बसतो. पगचं तर जबडा आखूड, दात दाटीवाटीने, काही आडवे फिरलेले. खमंग, तुमच्या पगला एकदा नीट तपासून घ्या ही विनंती.

भूल कशासाठी, तर श्वासनलिकेत नळी घालता येते म्हणून. स्केलरच्या, म्हणजे थर खरवडणाऱ्या यंत्राच्या, पाण्याबरोबर जंतूंनी भरलेला चिखल उडतो, तो फुप्फुसात जाऊ नये म्हणून ती नळी. नऊ वर्षं हे वय भूल नाकारण्याचं कारण नाही. मात्र छोट्या जातीच्या वयस्क कुत्र्यांमध्ये हृदयाची झडप गळायचा आजार बराच दिसतो, म्हणून आधी छाती नीट ऐकायची, वेगळा आवाज आला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. रक्तात यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. हा खर्च कापू नका.

आता पैशांचं. सांजवारा ताई, डॉक्टरांकडून अंदाजपत्रक वेगवेगळ्या कलमांत लिहून घ्या. रक्ततपासणी, भूल, स्केलिंग आणि पॉलिशिंग, एक्स-रे, प्रत्येक दात काढण्याचे, औषधं. मग विचारा, यातलं आत्ताच लागेल असं काय आणि सहा महिने थांबेल असं काय. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. साफसफाई आणि दात काढणं मात्र एकाच भुलीत करून घ्या. दोनदा भूल म्हणजे दोनदा खर्च आणि दोनदा धोका.

शिरवळला महामार्गालगत क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सरकारी. तिथल्या दवाखान्यात विचारून पाहा. फोन करून, दंतकाम कोणत्या दिवशी होतं ते कळल्यावरच जा. धायरीहून ते फार लांब नाही.

एक शेवटचं. डोळ्याखाली गालावर सूज आली, लाळेत रक्त दिसलं किंवा खाणं सुटलं, तर क्रमबिम काही नाही, त्याच दिवशी दवाखाना.

निशिगंध

@वैद्यबुवा, मांजरांचं पण लिहा ना. आमच्या बोक्याला हिरड्यांचा असा आजार झाला की पाणी प्यायचं म्हटलं तरी ओरडायचा. शेवटी मागचे सगळे दात काढले. मी रडून गोंधळ घातला होता, हा आता खाणार कसा! आता कोरडं खाणंसुद्धा गिळतो, अंगावर मांस आलंय आणि पुन्हा स्वतःला चाटून साफ ठेवतो. ते त्याने सोडून दिलं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वैद्यबुवा

बरोबर केलंत. मांजराला ३० दात. काही मांजरांचं शरीर स्वतःच्याच दातांवरच्या थराविरुद्ध पेटून उठतं. तिथे औषधांनी तात्पुरतं बरं वाटतं आणि दात काढल्यावर बहुतेकांना खरा आराम पडतो. बिनदाताचं मांजर मजेत जगतं, दुखऱ्या दातांचं नाही. आणि मांजराला दातदुखीवर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही आपली आयब्युप्रोफेन नको.

पेठकर

घरी दात घासायचे ते कशाने? आम्ही आमची पेस्ट वापरत होतो, बोटाने.

वैद्यबुवा

आपली नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं पोटात जातं. त्यात फ्लोराइड असतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ, जो कुत्र्याला विषच. प्राण्यांची वेगळी पेस्ट मिळते. ती नसेल तर ओल्या गॉझने रोज पुसलंत तरी चालेल. मऊ थर काही दिवसांत दगड होतो, म्हणून रोज म्हणतोय. सुरुवातीला आठवडाभर फक्त ओठ वर करून बोट फिरवायचं आणि शाबासकी द्यायची. ब्रश नंतर. पण सांजवारा ताई, बुंदीच्या हिरड्या आत्ता दुखऱ्या आहेत, तिचं घासणं उपचारानंतर सुरू करा. आत्ता केलंत तर ब्रश दिसला की ती कायमची पळेल.

मुठाकाठ

आणि हाडं? मटणाच्या नळीने दात साफ होतात म्हणतात. रविवारी आमच्याकडे नळी कुत्र्याचीच.

वैद्यबुवा

शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतड्यात टोचतं. नळीसारखं टणक हाड चावताना वरचा मोठा दाढेचा दात उभा चिरतो, हे मी पुष्कळदा बघतो. नखाने दाबून पाहा, जे दबत नाही ते चावायला देऊ नये. रविवारची नळी तुम्हीच खा.

मुठाकाठ

हा सल्ला घरात सगळ्यांना मान्य आहे, एक सोडून.

बाराखडी

मतदानाचं अजून कुणी नीट लिहिलं नाही. मी शिक्षिका आहे आणि बीएलओ (मतदान केंद्राची मतदार यादी तपासणारी कर्मचारी) म्हणून घरोघर फिरले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सांजवारा, तुमच्या घरमालकांची भीती पुण्यात दर तिसऱ्या दारी ऐकू येते. भाडेकरूने मतदार यादीत नाव घातलं की घरावर हक्क सांगेल, असं त्यांना वाटतं. तसं काही होत नाही. मतदार यादी फक्त एवढंच म्हणते की ही व्यक्ती सामान्यतः इथे राहते. जागा कुणाची, याच्याशी तिचा संबंध नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १९ आणि २०. त्यात उलट असं स्पष्ट म्हटलंय की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावर माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. म्हणजे राहणारा मोजायचा, मालक नाही. घरमालकाची संमती कुठल्याही फॉर्मवर मागितलेली नाही.

तुम्ही फॉर्म ८ भरा. फॉर्म ६ नको, तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. फॉर्म ८ मध्ये पत्ता बदलला की बंगळुरूच्या यादीतून नाव निघून इथे येतं, ओळखपत्राचा नंबर तोच राहतो. ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत. पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारकच आहे, तेव्हा तो तुमच्याकडे असेल. तुमच्या नावाचं गॅसचं किंवा विजेचं बिल, बँक पासबुक हेही चालतं. काहीच नसलं तर बीएलओ घरी येऊन खात्री करतो. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाचंही नाव यादीत घालायची सोय या पद्धतीत आहे. त्याच्याकडे कुठला घरमालक!

फॉर्म निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता भरा. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव वाढत नाही. मतदानाच्या दिवशी आमच्यासमोर येऊन रडणारी माणसं मी पाहिली आहेत. हातात आधार, पासपोर्ट सगळं असतं, यादीत नाव नसतं. आम्ही काही करू शकत नाही. त्या दिवशी मला जेवण जात नाही.

आणि हो, धायरी खडकवासला विधानसभेत येतं, म्हणजे लोकसभेला तुम्ही बारामतीच्या मतदार. दर वेळी कुणीतरी केंद्रावर येऊन विचारतं, पुण्याचे उमेदवार मशीनवर का नाहीत. हडपसरवाले तसेच शिरूरला जातात.

पेठकर

कसब्यात जन्म गेला, पण धायरी बारामतीत हे आज कळलं.

सांजवारा

बाराखडी ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद घरमालकांना वाचून दाखवणार आहे.

नवऱ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्याचं म्हणणं, आमचं घर, शेती, आईवडील सगळं गावी आहे. ग्रामपंचायतीला एकेका मताने माणूस पडतो. इथे नाव आणलं की गावचं मत गेलं. तो दर निवडणुकीला रात्रीची एसटी पकडून जातो. त्याला "चुकीचं आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुठाकाठ

त्याला म्हणू पण नका. माझे वडील तीस वर्षं पुण्यात नोकरीला होते, मत मात्र गावी. गावाशी असलेली ती एकच दोरी होती.

बाराखडी

मुठाकाठ, तुमच्या वडिलांची भावना मला समजते. तरी बीएलओ म्हणून जे आहे ते सांगायला हवं. तात्पुरतं बाहेर गेलेल्या माणसाचं गावचं नाव जात नाही, हे कायद्यातच आहे. नोकरीनिमित्त वर्षभर बाहेर, घर गावी, परत येणार, तर नाव गावी राहू शकतं. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना तर घर किंवा वसतिगृह यातलं एक निवडता येतं. पण सांजवारा, तुम्हीच वर लिहिलंय की परत जायचा विचार नाही. तिथे तात्पुरतं हा शब्द बसत नाही. शेती आहे, घर आहे, हे कारण पुरत नाही. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच होते, त्यामुळे एक इथे, एक तिथे असंही करता येत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवून खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

माझं मत विचाराल तर, ज्या नळाचं पाणी तुम्ही पिता, ज्या शाळेत मूल जाईल, ज्या कचऱ्याच्या गाडीची वाट बघता, तिथे मत असावं. धायरीसारख्या नव्या भागांत निम्मी माणसं बाहेरून आलेली असतात. त्यांची नावं यादीत नसली तर त्यांच्या पाण्याबद्दल कुणी का बोलावं?

मुठाकाठ

हे पटतंय. आणि तरीही वडिलांचं चुकलं असं म्हणणार नाही.

बाराखडी

म्हणूही नका.

सॅनहोजेकर

अवांतर, पण या धाग्याशी जुळतं म्हणून लिहितो. इथे कॅलिफोर्नियात गाडी आणि मत एकमेकांत अडकलेली आहेत. राज्यात राहायला आलात की वीस दिवसांत गाडी इथे नोंदवायची. तुम्ही रहिवासी झालात हे कशावरून, तर इथे मतदान केलंत हासुद्धा त्याचा एक पुरावा धरतात. टेक्ससमध्ये गाडीसाठी तीस दिवस. आणि १९९३ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच तुम्हाला मतदार नोंदणी करायची का ते विचारतात. त्या कायद्याला लोक मोटर-व्होटर म्हणतात. काही राज्यांत मात्र ही सोय नाही. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नसते.

मी भारतीय नागरिक असल्याने इथे मत देत नाही. भारतात परदेशस्थ भारतीयांचा फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर, म्हणजे कोथरूडला, माझं नाव आहे. पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. तिकीट बघतो आणि गप्प बसतो. तुम्हाला चार पावलांवर केंद्र असेल, त्याची किंमत मला विचारा.

लिंबोणी

माझी बदलीची नोकरी आहे, दर तीन वर्षांनी नवं राज्य. बीएच नंबर, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा, घ्यावा का?

घाटरस्ता

पात्र असाल तर जरूर. सप्टेंबर २०२१ पासून ही मालिका सुरू आहे. केंद्र-राज्य सरकारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम, आणि ज्यांची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत अशा खासगी कंपन्यांतले कर्मचारी. खासगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० लागतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ८ टक्क्यांच्या हिशोबाने. राज्य बदललं की नंबर बदलत नाही. नंतरच्या दुरुस्तीने जुन्या गाड्याही यात आणता येतात.

सांजवारा, तुम्ही इथेच राहणार, तुम्हाला हा मार्ग नको. एमएच-१२ घ्या आणि मोकळ्या व्हा.

खमंग

@वैद्यबुवा, पगला तपासलं. वरच्या दोन दाढांच्या मुळाशी खोल खोबण आहे म्हणाले. एक्स-रे पुढच्या आठवड्यात. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं असतं. पैशांसाठी विचारतो, विम्यातून हे मिळतं का?

वैद्यबुवा

पाळीव प्राण्यांचे विमे आता मिळतात, पण बहुतेकांत नेहमीची दातांची सफाई धरलेली नसते आणि आधीपासूनचा आजारही धरत नाहीत. पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. तुमच्यासाठी आता उशीर झालाय. तरुण कुत्र्यासाठी मी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकायला सांगतो. कुत्र्याला म्हातारपणी दात, सांधे, हृदय यातलं काहीतरी लागतंच.

लिंबोणी

मूळ प्रश्न क्रमाचा होता ना? मला एक दुवा दिसतोय. आरटीओला पत्त्याचा पुरावा लागतो आणि मतदार ओळखपत्र हा मान्य पुरावा आहे. मग फुकट होणारा फॉर्म ८ आधी. तो मंजूर होईपर्यंत बुंदीचे दात. त्याच वेळात बंगळुरूची एनओसी. टॅक्सचे पैसे लागणार ते शेवटी, तोवर दोन-तीन पगार झालेले असतील.

घाटरस्ता

हे एकदम पक्कं. एकच भर, एनओसी घेतल्यावर इथला अर्ज लांबवू नका. नंबर बदलला की विमा कंपनीला कळवायचं, फास्टॅग नव्या नंबरवर घ्यायचा आणि नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवायची. विमा जुन्या नंबरवर राहिला आणि मध्येच अपघात झाला तर भांडत बसावं लागतं.

सांजवारा

लिंबोणी, घाटरस्ता, अगदी असंच ठरवलंय.

घरमालकांशी काल बोलले. कलम २० मधलं मालकीचं वाक्य वाचून दाखवलं. काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग माझ्या आधीच्या भाडेकरूंना मी उगाच अडवलं." फॉर्म ८ रात्रीच भरला. नवरा अजून विचार करतोय, मी घाई करत नाहीये.

डॉक्टरांकडून कलमवार अंदाजपत्रक घेतलं. छाती ऐकली, आवाज स्वच्छ आहे, इको नको म्हणाले. एक्स-रे आणि दोन दात काढणं आत्ताच. पुढच्या बाजूच्या एका दाताची शंका आहे, तो एक्स-रे बघून ठरवतील. गुरुवारची वेळ मिळाली आहे. वैद्यबुवा, आदल्या रात्री जेवण कधी बंद करायचं? आणि घरी आणल्यावर काय द्यायचं?

वैद्यबुवा

उपाशी किती तास ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांच्या भूलतज्ज्ञाला विचारून तेच पाळा, माझं ऐकू नका. ते तिची औषधं आणि वजन बघून ठरवतात. पाणी कधी काढायचं तेही विचारा. घरी आल्यावर मऊ, कोमट, गिचका केलेला भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. टाके विरघळेपर्यंत चावायची खेळणी आणि दोरी लपवून ठेवा. वेदनेची गोळी लिहून देतील ती वेळेवर द्या, ती खातेपिते म्हणून बंद करू नका.

बाराखडी

सांजवारा, आणखी एक नोंदणी राहिली. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना. पुण्यात मांजरालाही लागतो. रेबीजच्या लसीचा दाखला लागेल, तो बंगळुरूचा असेल तर तारीख संपलेली नाही ना बघा.

सांजवारा

तारीख पुढच्या महिन्यात संपतेय! दातांच्या भुलीबरोबरच लस देतील का?

वैद्यबुवा

त्याच दिवशी नको. हिरड्या बऱ्या झाल्यावर टाके दाखवायला न्याल, तेव्हा घ्या. मुदत संपायच्या आत बसतं.